गॉगल्स लावून ड्रोन उडवताना सुरुवातीला नेमकं काय चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिम्युलेटरवर चाळीसेक तास झालेत, तिथे गेटमधून आरामात जाता येतं. पण पाच इंची पंख्यांचा ड्रोन घेऊन मोकळ्या मैदानावर गेलं, ड्रोनच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र दाखवणारे गॉगल्स लावले, की वीस-तीस सेकंदांत ड्रोन गवतात. खाली येतोय हे कळतच नाही. वळताना चित्र भलतीकडेच कलतं. दुसऱ्या-तिसऱ्या बॅटरीला मळमळायला लागतं. आता रेट्स (स्टिक दाबल्यावर ड्रोन किती वेगाने फिरतो ते आकडे) बदलू, डिजिटल गॉगल्स घेऊ, की गुपचूप अँगल मोडवर (स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सरळ होतो तो मोड) परत जाऊ?

यातलं आत्ता काहीच करू नका. आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि कॅमेरा खाली करा.

नवीन माणसाचा ड्रोन पडला की तो आपल्या बोटांना दोष देतो. चाळीस तास सिम्युलेटर केलंय म्हणजे तुमची बोटं बऱ्यापैकी तयार आहेत. घोडं अडतंय ते चित्र वाचण्यात. गॉगल्समधलं चित्र तुम्ही ड्रोनची जागा समजून वाचताय आणि तिथे फसताय.

कॅमेरा किती अंश वर केलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो ३० अंशांवर असेल असं धरतो, कारण चांगल्या पायलटांचे व्हिडिओ बघून सगळे तेवढाच ठेवतात. आता जरा हिशेब करू. कॅमेऱ्याला उभ्या दिशेने साधारण ९० अंश दिसतात असं समजा, म्हणजे मध्यापासून वर ४५ आणि खाली ४५. ड्रोन एका जागी तरंगत असताना कॅमेऱ्याचा मध्य क्षितिजाच्या ३० अंश वर असतो. मग चित्राच्या अगदी खालच्या कडेला जे दिसतं ते क्षितिजाच्या फक्त १५ अंश खालचं. ड्रोन २ मीटर उंचीवर असेल तर तुम्हाला दिसणारी सर्वांत जवळची जमीन जवळजवळ साडेसात मीटर पुढची असते. पायाखालची जमीन आणि समोरचे सात मीटर चौकटीतच नाहीत. ड्रोन हळूहळू खाली बसतोय हे कळणार कशावरून? कॅमेरा १५ अंशांवर आणा, हेच अंतर साडेतीन मीटरवर येतं. एवढ्यानेच उतरताना गवत दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट वेगाची. क्षितिज चौकटीच्या मध्यावर बघायची आपल्या डोळ्याला सवय असते, आणि हात नकळत ते तिथे आणून ठेवतो. ३० अंश वर वळलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज मध्यावर आणायचं तर ड्रोनला ३० अंश पुढे झुकावं लागतं. उंची राखून तेवढा झुकलेला ड्रोन सुरुवातीला दर सेकंदाला सुमारे ५.७ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवत जातो, हवेचा विरोध त्याला आवरेपर्यंत. १५ अंशांना हाच आकडा २.६ आहे. म्हणजे वेग तुम्ही ठरवतच नाही, स्क्रू ड्रायव्हरने कॅमेरा घट्ट केला तेव्हाच तो ठरून गेला. तुम्हाला वाटतं मी सावकाश उडवतोय, चित्र तर सरळच आहे, आणि ड्रोन मात्र सुसाट निघालेला असतो. पहिले दोन-तीन आठवडे १०-१५ अंश ठेवा. कुणी हसलं तर हसू द्या.

सिम्युलेटरवर हे का जाणवलं नाही? तिथे गेट असतात, खांब असतात, रंगीत झेंडे असतात. त्यांच्या आकारावरून डोळा उंची आणि अंतर आपोआप मोजत राहतो. तुमच्या मैदानावर नुसतं गवत आहे. एकसारखं गवत पाच मीटरवरून आणि पंधरा मीटरवरून जवळपास सारखंच दिसतं, अॅनालॉग चित्रात तर विचारूच नका, हिरवा गालिचा. त्यातून कॅमेरा एकच, म्हणजे दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज मुळातच नाही. गॉगल्सच्या दोन्ही पडद्यांवर तेच एक चित्र असतं. म्हणून जागा निवडताना नुसती मोकळी बघू नका. एखादी पायवाट, गोलपोस्ट, दोन-तीन सुटी झाडं असलेलं मैदान शिकायला कितीतरी सोपं पडतं. तसं मिळालं नाही तर चार प्लॅस्टिकचे शंकू घेऊन जा आणि वीस-वीस पावलांवर ठेवा. शंकू केवढा ते तुमच्या मेंदूला माहीत आहे, बाकीचा हिशेब तो करतो.

रुंद लेन्सचं एक वेगळंच नाटक असतं. ती मधल्या वस्तू लहान आणि लांब दाखवते. झाड लांब आहे, लांब आहे म्हणता म्हणता शेवटच्या क्षणी एकदम फुगून अंगावर येतं. याला उपाय नाही, सवयच होते. पण तोवर एक नियम पाळा: झाडाच्या दिशेने जायचंच असेल तर थेट त्याच्या रोखाने जाऊ नका, बाजूने जा. आणि बारीक फांद्या व विजेच्या तारा गॉगल्समध्ये दिसत नाहीत असंच समजून चाला. डोळ्यांनी दिसणारी तार चित्रात अर्ध्या पिक्सेलचीही नसते. खांब दिसला की दोन खांबांच्या मध्ये तार आहेच, मग ती दिसो न दिसो.

आता उंची. तुम्ही किती उंचीवर उडवता? मी सांगतो: दीड-दोन मीटर. नवीन माणूस भीतीपोटी खालून उडवतो, आणि खालून उडवतो म्हणूनच आपटतो. थ्रॉटल (पंख्यांची ताकद कमीजास्त करणारी स्टिक) पूर्ण सोडला तर २ मीटरवरून ड्रोन ०.६ सेकंदात जमिनीवर येतो. चूक लक्षात येऊन बोट हलेपर्यंतच पाव सेकंद गेलेला असतो. उरलेल्या वेळात ड्रोन सरळ करून ताकद द्यायची म्हणजे अनुभवी हातांचीही तारांबळ. १० मीटरवरून पडायला १.४ सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणूस चूक ओळखतो, सुधारतो, कधीकधी सुधारताना दुसरी चूक करून तीही निस्तरतो. उंची म्हणजे तुमच्या हातातला वेळ. थोड्या उंचावरून पडला तर जास्त मोडेल ही भीती खरी आहे, पण अगदी मऊ मातीवर १० मीटरवरून पडलेल्या ड्रोनचे बहुतेक वेळा प्रॉप, म्हणजे पंखे, जातात, फार तर सांगाड्याचा एखादा हात. दोन मीटरवर वेगात दगडाला धडकलेला ड्रोन जास्त मोडतो.

मी कुणाला शिकवायला उभा राहतो तेव्हा पहिल्या दोन बॅटऱ्यांत ड्रोनकडे फारसा बघतच नाही. त्याच्या थ्रॉटलच्या अंगठ्याकडे बघतो. तो अंगठा खिळा ठोकल्यासारखा वरखाली होत असेल तर पुढचं सगळं मला माहीत असतं. ड्रोन खाली जातोय असं वाटलं की स्टिक एकदम वर, मग उडी मारली म्हणून एकदम खाली, मग परत वर. या हिसक्यांत ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत खाली उतरतो आणि थरथरायला लागतो. त्याला प्रॉपवॉश म्हणतात. नवशिक्याला वाटतं ट्यूनिंग बिघडलंय. मग तो घरी जाऊन पीआयडीचे, म्हणजे ड्रोन स्वतःला कसा सावरतो ते ठरवणारे, आकडे बदलत बसतो. ट्यूनिंगला हात लावू नका. ड्रोन थरथरला तर आधी प्रॉप वाकलाय का ते बघा, मग मोटरचे स्क्रू, मग स्वतःचा अंगठा.

अंगठा असा का वागतो याचंही कारण आहे. पाच इंची ड्रोनची एकूण ताकद त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असते, सहापट तर सहज. त्यामुळे तरंगण्यासाठी स्टिक फक्त पाव ते एक तृतीयांश वर लागते. वरचा सगळा प्रवास आभाळात झेपावण्यासाठी. म्हणजे ज्या पट्ट्यात तुम्हाला नाजूक काम करायचंय तो बोटभरसुद्धा नाही. बीटाफ्लाइटमध्ये, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, थ्रॉटल लिमिट नावाची सोय आहे. तिथे स्केल हा प्रकार निवडा आणि ६५-७० टक्के ठेवा. स्टिकचा पूर्ण प्रवास आता कमी ताकदीवर पसरतो, अंगठ्याला हालचालीला जागा मिळते. क्लिप हा प्रकार निवडू नका, त्याने फक्त वरचा भाग निकामी होतो आणि तरंगण्याचा पट्टा आहे तेवढाच चिमुकला राहतो.

यासाठी मी एकच सराव देतो, आणि लोक त्याला कंटाळतात. आठ-दहा मीटर उंचीवर, सरळ रेषेत, चालत्या माणसाच्या वेगाने, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. उंची एका मीटरपेक्षा जास्त बदलता कामा नये. पोचलात की वळा, परत या. एवढंच. ही एक गोष्ट जमली की फ्लिप (हवेतली कोलांटी) अर्ध्या तासात येतो. ही न जमता ज्यांना फ्लिप येतो ते तो एकदाच मारतात.

वळण्याचा तुमचा मुद्दा मला आवडला, कारण तुम्ही नीट पाहिलंय. चित्र खरंच भलतीकडे कलतं. कॅमेरा वर वळलेला आहे आणि ड्रोन पुढे झुकून चाललाय. यॉ, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी स्टिक, दिल्यावर ड्रोन स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो, आणि तो अक्ष आता उभा राहिलेला नाही, पुढे कललाय. त्यामुळे उजवीकडे यॉ दिलं की नाक उजवीकडे वळतं, पण त्याच वेळी ड्रोन डावीकडे कलतो, वळणाच्या बाहेर. ३० अंशांना यॉचा निम्मा भाग असा कलण्यात जातो. नुसत्या यॉने वळणारा माणूस वळणातून घसरत बाहेर का जातो ते यातच आहे. उजवीकडे वळायचं तर यॉसोबत उजवीकडे रोलही द्यायचा, म्हणजे ड्रोन त्या बाजूला कलवायचा. डावी स्टिक थ्रॉटल आणि यॉची असेल, म्हणजे मोड २, तर दोन्ही अंगठे एकाच वेळी एकाच दिशेला जातात. बसचालक मोठं स्टिअरिंग वळवतो तसे. आणि त्यातच थोडा थ्रॉटल वाढवायचा, कारण ४५ अंश कललेल्या ड्रोनला उंची राखायला तरंगण्यापेक्षा ४१ टक्के जास्त ताकद लागते. वळताना खाली बसणं हा तुमचा दुसरा आजार, त्याचं औषध हेच.

बीटाफ्लाइटमध्ये कॅमेऱ्याचा कोन सांगितला की रोल आणि यॉ आपोआप मिसळून देणारी सेटिंग आहे. लावू नका. कॅमेऱ्याचा कोन बदलला की तिचा हिशेब चुकतो, आणि तोवर अंगठे आळशी झालेले असतात.

पडल्यानंतर तुम्ही काय करता? हे लिहिलेलं नाही, पण सिम्युलेटरवर चाळीस तास काढलेला प्रत्येक जण काय करतो ते मला ठाऊक आहे. पडला की रीसेटचं बटण. खऱ्या मैदानात ते बटण नसतं, मग अंगठा थ्रॉटलवर जातो आणि गवतात अडकलेला ड्रोन ओढून काढायचा प्रयत्न होतो. पंखा अडकलाय, मोटर फिरू शकत नाही, तरी तिला करंट चाललाय. दोन सेकंदांत ईएससी (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) किंवा मोटर जळू शकते. धूर निघतो तो बहुतेकदा पडल्यामुळे नसतो, पडल्यानंतरच्या या खटाटोपामुळे असतो. शिवाय जवळ कुणी धावत आला असेल तर पाच इंची प्रॉप बोट सोलून काढतो. तेव्हा सिम्युलेटरवरच सवय बदला: आदळला की आधी डिसआर्म (मोटर पूर्ण बंद), मग रीसेट. प्रत्येक वेळी. डिसआर्मची कळ डोळे मिटून सापडली पाहिजे. आकाशात असतानाही ड्रोन ताब्यातून गेला आणि माणसांच्या दिशेने निघाला, तर डिसआर्म करून जागच्या जागी पाडायचा.

उलटा पडलेला ड्रोन सरळ करायला टर्टल मोड असतो. चांगली सोय आहे, पण एक-दोन छोटे झटके द्यायचे. नाही झाला तर चालत जायचं.

उतरण्याबद्दल थोडं, कारण तिथेही सगळे गोंधळतात. बीटाफ्लाइटमध्ये एअरमोड बहुधा चालूच असतो. थ्रॉटल शून्यावर असतानाही ड्रोन स्वतःला सावरायचा प्रयत्न करत राहतो. जमिनीला एक पाय टेकला की त्याला वाटतं आपण कलंडलो, तो दुसऱ्या बाजूने जोर लावतो आणि बेडकासारख्या उड्या मारायला लागतो. म्हणून टेकवून मग बंद करायचं नाही. वीतभर उंचीवर आणा आणि डिसआर्म करा. टपकन पडेल, काही होत नाही. कॅमेऱ्यात खालचं दिसत नाही त्यामुळे सुरुवातीला ड्रोन स्वतःपासून पंधरा-वीस पावलांवर, पुढे सरकत सरकत उतरवा. पायाशी उतरवायचा हट्ट नको.

मळमळण्याकडे येतो. यात लाजण्यासारखं काही नाही. डोळे सांगतात आपण उडतोय, कलतोय, गरकन वळतोय, आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण जागेवर उभे आहोत. या भांडणातून मळमळ येते. स्टिक ज्याच्या हातात असते त्याला ती कमी होते, कारण पुढची हालचाल त्याला आधीच ठाऊक असते. म्हणूनच दुसऱ्याचं उड्डाण नुसतं गॉगल्समधून बघणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास होतो, सुरुवातीला ते टाळा. बसून उडवा. खुर्ची नसेल तर जमिनीवर बसा, पाठ टेकता आली तर फारच बरं. उभं राहून उडवणारा माणूस ड्रोनबरोबर स्वतःही डोलतो, मी दोघांना गॉगल्ससकट पडताना पाहिलंय. आणि मळमळीची पहिली चाहूल लागली की थांबा, त्या दिवसापुरतं. सहन करून पुढे गेलं की सवय होईल असं वाटतं, होतं उलटंच: नुसता गॉगल्सच्या फोमचा वास आला तरी पोटात ढवळायला लागतं. रोज दोन बॅटऱ्या, आठवडाभर. बहुतेकांचं एवढ्यात भागतं.

पण त्याआधी गॉगल्स डोळ्यांना जुळलेत का ते तपासा. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि लेन्स त्या अंतरावर सरकवाव्या लागतात. खूप जण गॉगल्स पेटीतून काढतात तसेच लावतात. एक डोळा मिटा, मग दुसरा. पडद्याचे चारही कोपरे आणि त्यावरचे आकडे दोन्ही डोळ्यांनी सारखेच स्पष्ट दिसले पाहिजेत. एका डोळ्याला आकडा धूसर दिसत असेल तर मेंदू दिवसभर ती जुळवाजुळव करतो आणि संध्याकाळी डोकं धरतं. तुम्हाला चष्मा असेल आणि गॉगल्समध्ये नंबर लावायची सोय असेल तर तो लावून घ्या. आणि गॉगल्स काढून ठेवताना लेन्स आभाळाकडे करून ठेवू नका. सूर्य लेन्समधून पडद्यावर एकवटतो आणि मिनिटभरात कायमचा डाग पडतो. हे मी स्वतःच्या गॉगल्सवर करून बसलोय, डाव्या पडद्यावर मधोमध पिवळा ठिपका. बरीच वर्षं प्रत्येक उड्डाणात एक दुसरा सूर्य सोबत होता.

चित्र जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तोही दिवस येणारच आहे. बहुतेक व्हिडिओ ५.८ गिगाहर्ट्झवर येतो. या लहरींना भिंत, झाड आणि माणसाचं शरीर आवडत नाही. ड्रोन तुमच्या पाठीमागे गेला की तुमचं स्वतःचंच डोकं मध्ये येतं. ड्रोन नेहमी समोरच्या अर्धवर्तुळात ठेवा. अॅनालॉग चित्रात आधी मुंग्या येतात, रंग जातो, रेघा येतात, म्हणजे ते कुरकुरत कुरकुरत जातं आणि मागे वळायला वेळ देतं. डिजिटल शेवटपर्यंत झकास दिसतं, मग चौकोन चौकोन फुटतं किंवा थिजतं. थिजलेलं चित्र सर्वांत घातक, कारण ते अगदी खरं वाटतं. अशा वेळी सगळ्यांची पहिली ऊर्मी ड्रोन खाली आणायची असते. खाली आणला की झाडं, भिंती आणखी मध्ये येतात आणि उरलंसुरलं चित्रही जातं. थोडा वर घ्या, चित्र परत आलं तर वळा. सेकंद-दोन सेकंद काहीच दिसलं नाही तर डिसआर्म. आंधळेपणी उडवत राहिलेला ड्रोन कुठे जाईल सांगता येत नाही, जागच्या जागी पाडलेला सापडतो.

व्हिडिओ ट्रान्समीटर अँटेनाशिवाय कधीही चालू करू नका, अगदी टेबलावर तपासायलासुद्धा. बाहेर न गेलेली ताकद आत परतते आणि चिप भाजते. आणि मैदानावर आणखी कुणी उडवत असेल तर बॅटरी जोडण्याआधी ओरडून विचारा की कोण कुठल्या चॅनलवर आहे. तुम्ही त्याच चॅनलवर ड्रोन चालू केला तर हवेत असलेल्या माणसाचं चित्र गायब होतं आणि तिथे तुमच्या टेबलाचा पाय दिसायला लागतो. यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि चूक प्रत्येक वेळी नव्या माणसाची होती.

फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की मोटर बंद व्हायची सोय, एकदा तरी स्वतः तपासा. चारही प्रॉप काढा, ड्रोन आर्म करा, मोटर फिरू लागल्या की रिमोट बंद करा. मोटर दोनेक सेकंदांत थांबल्या पाहिजेत. नाही थांबल्या तर तो ड्रोन उडवायचा नाही, मग कुणी काहीही सांगो. प्रॉप काढायला विसरू नका हे वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

हरवलेल्या ड्रोनची गोष्ट सांगतो. उंच गवतात माझा ड्रोन पडला. मला खात्री होती की तो माझ्यापासून चाळीस मीटरवर, डावीकडे आहे. तासभर तिथलं गवत तुडवलं. बझर चालू केला, आवाज नाही. कारण पडताना बॅटरी निसटली होती आणि ड्रोनचा बझर ड्रोनच्याच बॅटरीवर चालत होता. शेवटी सावलीत बसून गॉगल्समधलं रेकॉर्डिंग बघितलं, एकेक चौकट पुढे सरकवत. पडण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात चित्राच्या कोपऱ्यात खांबाची सावली दिसत होती, तीही माझ्याकडे पाठ करून पसरलेली. म्हणजे मी खांबाच्या पलीकडे गेलो होतो. ड्रोन नव्वद पावलांवर, उजवीकडे निघाला. तेव्हापासून रेकॉर्डिंग आर्म केल्याबरोबर आपोआप सुरू होईल अशी सेटिंग असते आणि स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर प्रत्येक ड्रोनवर. तुमच्याही मनातलं अंतर पहिले काही महिने असंच चुकेल. उडवण्याआधी गॉगल्स न लावता एकदा गोल फिरून बघा: मी कुठे उभा आहे, माझ्यामागे काय आहे, उंचावरून ओळखू येईल असं काय आहे. वरून सगळं सारखं दिसतं, स्वतःला शोधायलासुद्धा वेळ लागतो.

यासाठी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मैदानात शिरणाऱ्या माणसांसाठी, सोबत एक जण हवा. गॉगल्स लावले की तुम्हाला आजूबाजूचं शून्य दिसतं. अनेक देशांत गॉगल्स लावून उडवताना ड्रोनवर नजर ठेवणारा माणूस शेजारी असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणीचे नियमही लागतात. पाच इंची ड्रोन बॅटरीसकट त्याच्या खूप वर जातो. आपल्याकडचा नियम आधी वाचून घ्या. त्या सोबत्याला एकच काम द्या: कुणी येताना दिसलं की "माणूस" असं मोठ्याने म्हणायचं. तेव्हा तुम्ही काय करायचं ते आधीच ठरलेलं असू दे. त्याने ड्रोनचं कौतुक करत बसायचं नाही.

बॅटरीचं पटकन. ४एस, म्हणजे चार सेलची, बॅटरी भरलेली असताना १६.८ व्होल्ट दाखवते. उडत असताना एका सेलचे ३.५ व्होल्ट, म्हणजे एकूण १४, झाले की परत फिरायचं. जोरात थ्रॉटल दिल्यावर आकडा एकदम खाली येतो आणि सोडल्यावर वर चढतो. त्या क्षणिक घसरणीला घाबरू नका, सरळ शांत उडताना काय दिसतं ते धरा. आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा जोडायची नाही, आणि चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही.

आता तुमचे मूळ तीन प्रश्न. रेट्स: बीटाफ्लाइटच्या नव्या आवृत्त्यांत मूळचे आकडे मध्याला सौम्य आणि टोकाला सेकंदाला ६७० अंश असे असतात, म्हणजे पूर्ण स्टिक दाबली तर अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात एक कोलांटी. तुम्ही मध्याजवळच उडवताय, त्यामुळे याने तुमचा ड्रोन पडत नाही. फारच वाटलं तर टोकाचा आकडा ४५० करा. पण मग सिम्युलेटरवरही तेच आकडे भरा आणि निदान महिनाभर हात लावू नका. रोज रेट्स बदलणाऱ्याचे अंगठे कधीच काही शिकत नाहीत.

अँगल मोड: स्टिक सोडली की ड्रोन सरळ होतो, म्हणून तो सोपा वाटतो. पण तुमची अडचण थ्रॉटल आणि नजरेची आहे, तिथे अँगल मोड काडीची मदत करत नाही. उलट अंगठ्यांना स्टिक धरून ठेवायची सवय लागते, आणि अॅक्रोमध्ये (आपोआप सरळ न होणाऱ्या मोडमध्ये) स्टिक धरून ठेवली तर ड्रोन गोल गोल फिरतो. चाळीस तास अॅक्रो केलंय, आता मागे जाऊ नका. एकच अपवाद: घरात पावसाच्या दिवशी छोटा व्हूप उडवणार असाल तर अँगलमध्ये खुशाल उडवा. खरं तर तो व्हूप तुम्हाला हवाच आहे. तळहाताएवढा, पंख्यांभोवती कडं असलेला, एका सेलचा. तो भिंतीला आपटतो, पडतो, टर्टल मोडने उलटतो आणि परत उडतो. खोलीत दारं, खुर्च्या, टेबलं असतात, म्हणजे डोळ्याला मापं मिळतात. अंतराचा अंदाज त्यावर जितका लवकर येतो तितका मैदानावर येत नाही.

आणि डिजिटल गॉगल्स. कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार की अॅनालॉगचं चित्र वाईट म्हणून ड्रोन पडतो, किंवा उशिरा येतं म्हणून. चित्र यायला ३० मिलिसेकंद लागले आणि ड्रोन ताशी ५४ किलोमीटरने जात असला, तर तेवढ्यात तो ४५ सेंटिमीटर पुढे जातो. तुमच्या मेंदूला बघून बोट हलवायला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात तो तीन ते पावणेचार मीटर जातो. शर्यतीत तो पहिला आकडा महत्त्वाचा आहे. तुम्हाला आत्ता दुसरा आकडा पाडतोय, आणि तो गॉगल्स बदलून कमी होत नाही. स्पष्ट चित्राने गवताची पाती दिसतील, तारही कदाचित थोडी आधी दिसेल, आणि उडवायला मजा जास्त येईल हे कबूल. पण आत्ता पैसे असतील तर आणखी तीन बॅटऱ्या, प्रॉपचे दहा संच आणि तो व्हूप घ्या. पहिल्या दिवशी दहा संच पुरतील का, असं विचारू नका.